मित्कोचे दोन दिवे

हल्ली मित्को आपला आपणच बोलतो म्हणे. परवा बाजारात विद्यापीठातला ओग्न्यान भेटला, हातात लाल मिरच्यांची पिशवी, आणि फुशारकी मारत होता, "मावशी, आता पडद्यामागे माणूसच लागत नाही. संगणकच उत्तरं देतो." म्हटलं, देऊ दे बापडा. पण बोलता बोलता संगणकाला ठसका लागतो का? शिक्षिका कंटाळवाणी असली तर जांभई येते का? नाही ना? मग तो कसला मित्को!

राग आला मला, खोटं कशाला बोलू. घरी येईपर्यंत पुटपुटत आले. मग मिरच्या भाजायला बसले आणि ते दिवस असे डोळ्यांपुढे आले की दोन मिरच्यांचा पार कोळसा झाला.

मी कठपुतळीवाली. कोल्हे, राजकन्या, बोलणारे भोपळे, सगळ्यांना आवाज देण्यात जन्म गेला. आमची मंडळी मोडली आणि मी प्लोव्दिवमध्ये घरी हात चोळत बसले, तेव्हा विद्यापीठातल्या करास्लावोव सरांनी बोलावणं पाठवलं. शिक्षक व्हायला निघालेल्या पोरापोरींसाठी त्यांनी एक खोटा वर्ग बनवला होता. भिंतीएवढ्या पडद्यावर पाच मुलं बाकांवर बसलेली. त्यांच्यासमोर उभं राहून विज्ञान शिकवायचं. खऱ्या मुलांचं वाटोळं करण्याआधी काय त्या चुका इथे करून घ्या, असा सगळा मामला, आणि शेवटी परीक्षाही इथेच. शिकवणारा किती बोलला, मुलं किती बोलली, हे ओग्न्यान मोजायचा आणि त्यावर सर संशोधन करायचे.

ती पाचही मुलं म्हणजे मी. पलीकडच्या चिंचोळ्या खोलीत माईक लावून बसायचे, पायाखाली पाच कळा, समोर फक्त माझ्या बाजूने आरपार दिसणारी काच. जी दाबीन त्या पोराच्या तोंडून माझा आवाज बारीक होऊन बाहेर पडायचा; पाय जरा घसरला की मात्र माझा मूळ आवाजच. शिकवणाऱ्यांना माझं तोंड दिसू द्यायचं नाही, अशी सरांची सक्त ताकीद.

माझं काम चुकीचं बोलायचं. त्या पाचांतल्या मित्कोचा धडा विजेचा होता. एक बॅटरी, तिला एकाच तारेत एकामागून एक जोडलेले दोन सारखे दिवे. मित्को म्हणायचा, "पहिला दिवा वीज खातो, दुसऱ्याला उरलंसुरलं. म्हणून दुसरा मंद पेटणार." नुसतं बरोबर उत्तर सांगितलं, तर मित्कोने हो हो म्हणायचं आणि घोळ मनात तसाच ठेवायचा. त्याला विचारात पाडलं तरच सोडायचा. कुठल्या प्रश्नाला सोडायचा तेही कागदावर छापलेलं. त्याच्या बाहेर जायचं नाही, नाहीतर सगळ्यांची परीक्षा सारखी कशी राहणार?

आता गंमत ऐका. मित्को चुकतोय एवढंच मला ठाऊक होतं. का चुकतोय ते कुणाला कळत होतं! मनातून मला त्याचंच पटायचं. चार भावंडांत मी शेंडेफळ. चीज भरून भाजलेल्या बानित्साचा ट्रे माझ्यापर्यंत यायचा तेव्हा त्यात करपलेला कोपरा तेवढा असायचा. आधी बसेल तो खाणार, नंतरच्याला उरलेलं. यात चुकलं काय?

तर, झोर्नित्सा. रोडोपी डोंगरातल्या खेड्यातली पोर, हुशार, बोलायला गोड. पण एक खोड होती तिला. प्रश्न विचारायची आणि मित्कोने तोंड उघडायच्या आत उत्तर देऊन मोकळी! त्यापायी दोनदा नापास झाली होती. शेवटच्या संधीच्या दिवशी ओग्न्यान माझ्या कानाशी लागला. "मावशी, हिच्या गावच्या शाळेत विज्ञानाला शिक्षकच नाही. जागा हिच्यासाठी धरून ठेवलीय, पण शरदापर्यंतच. आज नापास झाली तर परत संधी थेट पुढच्या वर्षी."

"मग मी काय करू? नियम तुझ्या सरांचे," मी फिसकारले. पण जीव माझाही टांगणीला लागला होता.

धडा सुरू झाला. झोर्नित्साने पडद्यावरचे दोन्ही दिवे पेटवून दाखवले. सारखेच उजळ.

"मित्को, काय दिसतंय?"

"दुसरा दिवा भारीतला असणार, बाई," मी कागदावरचं म्हटलं.

तिने दिव्यांची अदलाबदल केली. पुन्हा सारखेच.

"मग पहिल्याने खाल्लं किती रे?" तिने विचारलं. आणि गप्प राहिली.

हा प्रश्न कागदावर नव्हता. मी वाट बघत बसले, आता सांगेल, आता सांगेल. काचेतून दिसत होतं, ओठ घट्ट मिटलेले, हातातल्या खडूचा भुगा झालेला. पण बया बोलेना! आणि त्या शांततेत मीच विचार करायला लागले. किती खाल्लं? थोडं जरी खाल्लं असतं तरी दुसरा मंद झाला असता. अदलाबदल केली तरी तेच. म्हणजे…

"अगं बाई! काहीच नाही खाल्लं!"

माझा पाय कळेवरून कधी घसरला कुणास ठाऊक. मित्कोच्या इवल्या तोंडातून माझा म्हातारा, घोगरा आवाज सगळ्या खोलीत घुमला.

सर ताडकन माझ्या दारात. "दोन्काबाई, हे काय होतं?"

"कळलं मला, सर."

"तुम्हाला? कळायला हवं होतं मित्कोला! तेही कागदावरच्या प्रश्नाला. हा धडा रद्द करावा लागेल."

काचेपलीकडे झोर्नित्सा मटकन खाली बसली. मग मी ताकीद-बिकीद गुंडाळून ठेवली आणि तरातरा बाहेर गेले. पोर माझ्याकडे बघतच राहिली. मित्कोच्या जागी केस पिकलेली, चप्पल फटफटवत येणारी बाई!

"रद्द कशाला?" मी कमरेवर हात ठेवून म्हटलं. "शाळेतल्या मास्तरांना जमलं नाही ते हिने आज केलं. मला शिकवलं."

"दया आली म्हणून सोंग केलंत," सर म्हणाले. "नटीच ना तुम्ही शेवटी."

हे मला लागलं. "मग घ्या परीक्षा!"

"ठीक. दुसरा दिवा काढून घेतला तर पहिल्याचं काय होईल?"

"पहिल्याचं? त्याला काय, तो आधीच बसलाय, तो पेटतच…" आणि मी अडखळले. काहीतरी चुकत होतं. आधी, नंतर… पण खाणं तर नव्हतंच ना तिथे!  झोर्नित्साने श्वास ओढला, तोंड उघडलं. आता सांगते ही, आणि बुडवते स्वतःला! तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हूं की चूं केलं नाही.

"थांबा," मी म्हटलं. "ही रांग नाहीच. हे आपल्या होरो नाचासारखं आहे. हातात हात घालून सगळं रिंगण एकदम फिरतं. त्यात पहिला कोण आणि शेवटचा कोण? एकाला ओढून काढलं तर रिंगण तुटलं, आणि मग…"

"झोर्नित्सा, उत्तीर्ण," सर म्हणाले.

मी वळून पाहिलं. सर माझ्याकडे बघतच नव्हते. ते तिच्या तोंडावरच्या त्या हातांकडे बघत होते.

"अहो, माझं उत्तर अर्धंच राहिलंय!"

"असू द्या, दोन्काबाई. मला बघायचं होतं ते बघून झालं." आणि गेलेसुद्धा. ओग्न्यान यंत्रं बंद करायला लागला. मी मात्र रिंगण दाखवायला पसरलेले हात तसेच ठेवून उभी. उभ्या जन्मात पहिल्यांदा विज्ञानातलं काही आपलं आपल्याला सुचत होतं, आणि ऐकायला कुणी नाही! रडूच यायला लागलं मला.

झोर्नित्साने डोळे पुसले, एक खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"मावशी," ती म्हणाली, "रिंगण तुटलं. मग पुढे?"