हिवाळ्यातलं पाणी

नट निघेना. गाडीखाली पुठ्ठ्यावर पाठीवर झोपून तिने पान्याला दोन्ही हातांनी रेटा दिला, मग तळव्याने ठोसा मारून पाहिला, पण तो जागचा हलायला तयार नव्हता. एवढा घट्ट तिने कधीच आवळला नव्हता. गोठला असणार. गॅरेजच्या काचेवर आतून बर्फाची साय धरली होती आणि दाराशी ठेवलेल्या बादलीतलं पाणी वरून दगड झालं होतं. सकाळी आल्या आल्या तिने त्यात बोट टोचून पाहिलं होतं आणि ती तशीच पाना घेऊन गाडीखाली शिरली होती.

काल संध्याकाळी तिने रेडिएटरचं पाणी काढलं होतं. इंजिनातलं, या नटातून काढायचं ते, राहिलं होतं.

ही गाडी फक्त ट्रॅकवर पळायची. इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटला ट्रॅकवर बंदी, पाणीच हवं. शर्यतीत कुणाच्या गाडीतून पाणी सांडलं तर ते वाळून जातं. कूलंट वाळत नाही, साबण पसरल्यासारखं राहतं आणि मागून येणारा त्यावरून घसरून भिंतीत जातो. पण पाण्याची खोड अशी की ते थंडीत गोठतं, गोठलं की फुगतं आणि आतून इंजिन फोडतं. म्हणून या घरात वर्षाचे दोनच ऋतू होते. शर्यती संपल्या की गाडीत न गोठणारं हिरवं कूलंट जायचं, आणि नव्या शर्यतींची चाहूल लागली की ते धुऊन काढून पाणी.

या वर्षी हिरवं घातलं गेलं नाही. उन्हाळ्यात तिचा नवरा शिडीवरून पडला. भर वेगात भिंतींना चुकवणारा माणूस घराची पन्हळ साफ करताना पडला आणि कमरेखाली सगळं संपलं. डॉक्टरांनी जे सांगायचं ते दार लावून सांगितलं, आणि दार उघडल्यावर ते कुणीच पुन्हा बोललं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याचा पलंग गॅरेजला लागून असलेल्या खोलीत हलवला, आणि थंडी सुरू झाल्यावर तिने त्याला विचारलं होतं, "गाडीत काय ठेवायचं?"

त्याने आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं. मग म्हणाला, "पाणीच राहू दे."

तेव्हापासून ती रोज सकाळी पाणी भरायची, त्याला ऐकू जावं म्हणून इंजिन थोडा वेळ चालवायची आणि संध्याकाळी सगळं पाणी काढून टाकायची. तिच्या बोटांना भेगा पडल्या. सासरे थट्टेने म्हणायचे, "लहानपणी तुझ्या नवऱ्यालाही कुणी इतक्या निगुतीने अंघोळ घातली नव्हती!" ती हसायची. मनात मात्र म्हणायची, त्याची आशा आहे, मी कोण मोडणारी?

काल ती रेडिएटरचा पुढचा कॉक उघडून वाट बघत असताना खोलीतून धप्प आवाज आला. तो टेबलावरचा ग्लास घ्यायला वाकला आणि पलंगावरून खाली आला होता. कोपर फुटलं होतं. त्याला उचलता उचलता तिची दमछाक झाली. तो भिंतीकडे तोंड करून पडला. मग ती पट्ट्या आणायला औषधाच्या दुकानात गेली, परत येऊन त्याची जखम बांधली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी झोपली.

आता गाडीखाली पडल्या पडल्या तिला स्वतःची लाज वाटत होती. बादलीतला बर्फ पाहून ती घाबरली हे खरं, पण त्याच्या मागोमाग सुटल्यासारखंही वाटलं होतं. फुटलं असेल तर फुटू दे. मी मुद्दाम केलं नाही, कुणी काही म्हणणार नाही, आणि उद्यापासून या गार पाण्यात हात घालायला नको. असा विचार मनात येणाऱ्या बाईला काय म्हणायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

तिने पुन्हा ठोसा मारला. नट कुरकुरला, फिरला. बर्फ अडकला असेल, थेंबही येणार नाही, असं वाटत असतानाच तिच्या मनगटावरून धार वाहत बाहीत शिरली. तिने हात बाहेर उजेडात धरला.

हिरवं होतं.

ती तशीच पडून राहिली. मग भानावर येऊन तिने नट पुन्हा बसवला. बाहेर सरकली तर दारात सासरे उभे होते, कानाला मफलर गुंडाळून.

"फुटलेलं नाही," ते म्हणाले.

"तुम्ही घातलंत?"

"काल. तू दुकानात गेलीस तेव्हा, पाणी काढून."

"बाबा, त्याला कळलं तर..."

"त्यानेच सांगितलं." सासरे उंबऱ्याशी टेकले. "तू पाणी काढतेस ते त्याला तिकडून ऐकू येतं म्हणे. आधी रेडिएटरची बारीक धार, मग इंजिनाची जाड. काल जाड धार आलीच नाही. मला हाक मारली, म्हणाला, ती विसरली."

भिंतींना कान असतात म्हणतात. या घरात ते कान त्याचे होते. ती पाना पुसत राहिली. पाना स्वच्छ झाला तरी पुसत राहिली.

"मग तुम्ही नुसतं पाणी सोडून द्यायचंत," ती म्हणाली. "नट उघडायचा, पाच मिनिटांचं काम. कूलंट कशाला?"

"मी तेच म्हटलं ना त्याला." सासऱ्यांचा आवाज बसला. "म्हटलं, नुसतं पाणी सोडून देतो. तर म्हणाला, नको बाबा. हिरवं घाला."

ती उठली. खोलीत गेली तेव्हा तो जागा होता. उशी कलती झाली होती, बांधलेलं कोपर पोटावर होतं. त्याने तिची ओली बाही पाहिली आणि नजर वळवली नाही.

तिला वाटलं होतं, असा दिवस आला की निदान हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. तिला एकदम कळलं की रोज सकाळी इंजिन सुरू झालं की डोळे मिटून ऐकत उभी राहायची ती तीच. आशा तिची होती.

"मला का नाही विचारलंस?" ती म्हणाली.

"विचारलं असतं तर तू पाणी म्हणाली असतीस."

तिने कलती उशी सरळ केली.

"मग मलाही पाणीच म्हणावं लागलं असतं," तो म्हणाला. "पहिल्यांदा म्हणालो तसं."

पलीकडे सासरे गॅरेजमध्ये काहीतरी आवरत होते. पुठ्ठा फरशीवरून ओढल्याचा आवाज आला आणि थांबला. त्याची कूस बदलायची वेळ झाली होती. तिने पांघरूण बाजूला केलं, हात अंगावरच्या स्वेटरला घासून जरा गरम केले आणि त्याच्या पाठीखाली घातले.