सात नंबर कोठडीतल्या रेघा

इतिहासाचे पेपर तपासून तपासून माझं एक मत पक्कं झालं आहे: मुलांना ‘पक्षपाती’ हा शब्द शिकवला ही आम्हा मास्तरांची घोडचूक. शब्द हाती लागला की पोरांचा विचार संपतो. ‘उतारा अ कैद्याच्या मित्राचा, म्हणून पक्षपाती. उतारा ब तुरुंगाधिकाऱ्याचा, म्हणून तोही पक्षपाती. सबब दोन्ही निरुपयोगी.’ आठपैकी दोन गुण, तेही अक्षर बरं म्हणून. अरे, पक्षपाती माणूसही कधी कधी खरं बोलून जातो, आणि का बोलला ते बघायला काय धाड भरली आहे?

त्या वर्षी परीक्षा मंडळाने मला प्रश्नपत्रिका काढायला नेमलं. परस्परविरोधी उताऱ्यांचा प्रश्न हवा होता, म्हणून मी सरकारी दप्तरखान्यात बसलो होतो. तिसऱ्या दिवशी तुरुंगाची एक फाइल आली आणि तिच्यावर माझ्या आजेसासऱ्यांचं नाव निघालं. नियमाने ती तिथेच मिटायला हवी होती. मी वाचत बसलो.

मी घरजावई. घर सासूबाईंचं, शब्दही त्यांचाच. बायकोची नोकरी परगावी, ती आठवड्याला येते, त्यामुळे एरवी घरात आम्ही दोघंच आणि आमचं बरं जमतं. सासूबाईंनी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. समोरचा थापा मारतोय का, हे त्यांना दुसऱ्या वाक्याला कळतं.

त्यांचे वडील बंदरातल्या हमालांचे पुढारी होते. त्यांना पकडून नेलं तेव्हा सासूबाई चार वर्षांच्या होत्या. राजकीय कैद्यांना पत्रं नाहीत, भेटी नाहीत. साडेचार वर्षांनी ते आतच वारले. त्यांच्याबद्दल घरी पोचलं ते फक्त पक्षाने काढलेलं छोटं चरित्र. त्यात एक वाक्य होतं: ‘तुरुंगात त्यांनी घरच्यांचं एकदाही नाव काढलं नाही, असा हा पोलादी पुरुष.’ लिहिणाऱ्याने कौतुकाने लिहिलं. वाचायला नुकतीच सरावलेली मुलगी ते वाचून जी गप्प झाली, ती वडिलांच्या बाबतीत बासष्ट वर्षं गप्पच होती. घरात त्यांचा फोटो नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, ते लोकांचे होते, आमचे नव्हते.

आणि फाइलमध्ये तुरुंगाधिकाऱ्याचा गुप्त अहवाल होता. ‘कैदी मनाने दुबळा. मुलीचा विषय निघताच रडतो. दर वर्षी तिच्या वाढदिवसाला कोळशाने भिंतीवर रेघ मारून, आता ती एवढी झाली असेल, असे पहारेकऱ्यास सांगतो. सरकारी भिंत खराब केल्याबद्दल तीन दिवस अंधारकोठडी. तरी सुधारणा नाही. मुलीच्या मार्गाने यास वळवता येईल.’

प्रश्नासाठी याहून झकास जोडी मिळणार नव्हती. पण प्रश्नपत्रिकेतला मजकूर घरच्या मांजरालाही दाखवणार नाही, असं आम्ही लिहून दिलेलं असतं. म्हणजे पेपर तरी, नाहीतर सासूबाई तरी. मी अहवालाची नक्कल खिशात घातली आणि घरी आलो.

त्या भाजी निवडत होत्या. मी म्हणालो, “आई, हे जरा वाचा.”

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि कागद दोनदा वाचला. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येईल. त्यांनी कागद परत दिला आणि विचारलं, याला वरच्यांकडून काय हवं होतं? मी म्हणालो, यात कौतुक कुठे आहे, हा तर निंदा करतोय. शत्रूने तुमच्या वडिलांचं प्रेम खोटंच कशाला लिहावं?

“बदलीसाठी,” त्या म्हणाल्या. “मासा गळाला लागतोय असं दाखवलं की साहेब खूश. त्या पक्षवाल्यांना पोलादी माणूस हवा होता, याला रडका हवा होता. ज्याने त्याने आपल्या सोयीचा घडवला. तुम्ही मास्तर ना? मग हे एवढं गोड कसं मानून घेतलंत?”

माझा चेहरा पडला. आठपैकी आठ गुण द्यावेत असं उत्तर, आणि ते मला सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर वाईट वाटलं ते त्याचं नव्हे. त्यांना विश्वास ठेवायचा होता आणि ठेवता येत नव्हता, हे मला दिसलं होतं.

शनिवारी मी पुन्हा दप्तरखान्यात गेलो. या खेपेला अशा माणसाचा कागद शोधला, ज्याला कैद्याचं सोयर नव्हतं की सुतक. तुरुंगाच्या कोठीवर एक कारकून असे. चुना, झाडू, घोंगड्या त्याच्या ताब्यात. सगळ्या बराकींना रंग वर्षातून एकदा, उन्हाळ्यात लागे. पण आजेसासरे होते त्या सात नंबरच्या कोठडीसाठी चार वर्षं वेगळी मागणी होती, दर वेळी एकाच महिन्यात. चुना किती द्यायचा हे ठरवायला कारकुनाने डागाची उंची लिहून ठेवली होती: तीन फूट पाच इंच. पुढच्या वर्षी तीन फूट सात. मग तीन नऊ. मग तीन अकरा. डाग कसला, ते त्याने लिहिलं नव्हतं. त्याला ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं.

दर वर्षी आधीची रेघ पुसलेली होती, तरी पुढची बरोबर दोन इंच वर होती. मी ते आकडे उतरवून घेतले.

घरी येऊन सासूबाईंसमोर कागद ठेवला आणि कुणी लिहिलं, कशासाठी लिहिलं ते सांगितलं. त्यांनी महिना पाहिला. तो त्यांच्या जन्माचा होता. मग त्यांनी कारकुनाबद्दल खोदून खोदून विचारलं: त्याला बढती मिळाली का, तो कुठल्या पक्षाचा होता, अहवाल त्याच्या नजरेला पडत असे का. मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं, नव्हतं तिथे नाही म्हटलं.

त्यांनी कागद जवळ ओढला. मग बोट शेवटच्या आकड्यावर ठेवलं.

“ही मी आठ वर्षांची?”

“हो.”

“मी तेव्हा चार फूट दोन इंच होते,” त्या म्हणाल्या. “वर्गात सगळ्यांत उंच. मागच्या बाकावर बसवायचे मला.”

त्यांनी चष्मा काढला.

“तीन इंच कमी धरलं बाबांनी,” त्या म्हणाल्या. “कुणीतरी सांगायचं होतं हो त्यांना.”