अस्तर घातलेला सूचनाफलक

मी एक जुना सूचनाफलक आहे. मित्रांनो, आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नका ठेवू. आजवर कोणी ठेवलेला नाही आणि त्यावाचून माझे काही अडलेले नाही.

मूळचा मी एक दार. सुताराचे माप चुकले, मी आखूड निघालो आणि मालकाने मला परत धाडले. मग सुताराने मला चौकट मारली, हिरवा रंग दिला आणि डोंगरावरच्या या नऊ घरांच्या सोसायटीत फाटकाशी उभे केले. शहर इथून दोन तासांवर. वारा तर असा, की एकदा त्याने माझ्यावरची सभेची नोटीस उडवून खालच्या गावात नेली आणि तिथले चौदा जण सभेला हजर झाले. त्यांनी चहा घेतला, एका ठरावाला हात वर केले आणि निघून गेले.

माझी देखभाल तीन नंबरच्या शिंपीकाकांकडे. तेच सोसायटीचे चिटणीस. बाकीच्या आठ घरांतही कोणी अध्यक्ष, कोणी पाणीप्रमुख, कोणी फाटकप्रमुख. साधा सभासद औषधालाही नव्हता. शिंपीकाका नवी नोटीस खळीने चिकटवत, पण जुनी कधी काढत नसत.

"अस्तर आहे ते," ते म्हणत. "अस्तर काढलं की वरचं कापड टिकत नाही."

मी वर्षागणिक फुगत गेलो. "हे पोतं उतरवा," असे फाटकप्रमुख दर सभेत म्हणत. रंगाचा हात तर मला कोणी पुन्हा दिलाच नाही.

मग एका सकाळी खालच्या वळणावर साखळी लागली. तिथली जमीन एका नव्या बागवाल्याने घेतली होती. रस्ता माझ्या जागेतून जातो, तो म्हणाला. पायी खुशाल जा, गाडी नाही.

शिंपीकाकांच्या आई चाकाच्या खुर्चीत. आठवड्यातून दोनदा त्यांना दवाखान्यात न्यावे लागे. आता चौघे जण त्यांना खुर्चीसकट उचलून वळणापर्यंत उतरवू लागले.

"आई, घर विकून खाली जाऊ या," एकदा माझ्याजवळ दम खात काका म्हणाले.

"मी जड झाले का रे?"

"तसं नाही गं."

"मग वकील शोध."

सभा भरली. शहरातल्या वकिलांना पत्र लिहायचे ठरले, पण कोणी लिहायचे ते ठरले नाही. त्यामुळे नऊही जणांनी लिहिले. फाटकप्रमुखांनी तर फाटकाच्या रंगाचीही तक्रार घातली. वकिलांचे उत्तर माझ्यावरच चिकटले: 'आपणां नऊ पक्षकारांतील आपसांतले वाद मिटल्यावर कळवावे. इतक्या दूर येणे मला जमणार नाही.'

"रेडिओवर एक वकीलबाई असतात," आई म्हणाल्या. "लांबच्या लहान सोसायट्यांना दर बुधवारी फोनवर सल्ला देतात. महिनाभर ऐकतेय मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला कुठलं पद आहे?"

फोनला रेंज फक्त माझ्यापाशी. बुधवारी सगळे माझ्याभोवती जमले.

"एकानंच बोला," वकीलबाईंनी आधीच बजावले.

"मी अध्यक्ष या नात्याने..."

"अध्यक्ष, तुम्ही जरा टेका," आई म्हणाल्या. "तू बोल रे."

काकांनी सगळे सांगितले. बाईंनी विचारले, "हा रस्ता तुम्ही किती वर्षं वापरताय, त्याची दुरुस्ती कोण करतं, याचा तारीख घातलेला काही कागद?"

"नाही हो. सगळं तोंडी."

"मग दुरुस्तीला माणसं बोलवायचात कशी?"

 काका हळूच माझ्याकडे वळले.

घरातून इस्त्री आली. वाफेने ते माझा एकेक थर उकलू लागले. 'रविवारी रस्त्याचे खड्डे भरायचे आहेत. फावडी आणावीत.' खाली तारीख, सही. त्याखाली आदल्या वर्षीची. त्याखाली त्याच्याही आदल्या वर्षीची. अशी सव्वीस वर्षे निघाली. फोटोसाठी प्रत्येक ओला कागद फाटकप्रमुख दोन्ही हातांनी तोलून धरत होते आणि पोते हा शब्द काही काढत नव्हते.

मग काय, मित्रांनो, मला कोर्टात नेले. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. न्यायाधीशांनी चष्मा पुसून माझा एकेक थर वाचला. बागवाला ढसाढसा रडला. म्हणून सांगतो, कागदावर तारीख घालत जा, जुना कागद फाडू नका, आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्या फळीवर वर्षातून एकदा तरी रंगाचा हात फिरवा. त्या दिवशी तर न्यायाधीशांनी स्वतः खुर्चीवरून उठून मला...

"कोर्ट कुठलं रे फळ्या?" माझ्या शेजारी खुर्चीत बसलेल्या आई म्हणाल्या. "वकीलबाईंनी फोटो जोडून नोटीस धाडली आणि चौथ्या दिवशी त्यानं आपणहून साखळी काढली. तू इथून तसूभर हलला नाहीस. आणि तो रडलाही नाही, परवा टोपलीभर फळं देऊन गेला. पोरांनो, बाजूला व्हा बरं, दवाखान्याची गाडी वर येतेय."