मिस्त्रींच्या नावाचे आठ लाख

मित्रांनो, थोडा वेळ डोळे मिटा आणि एक लांब दोरी मनात आणा. तिच्या वरच्या टोकाला हातात मावेल एवढा लाकडी ठोकळा आहे. खालच्या टोकाला पितळेचा वजनदार गोळा आहे, खाली निमुळता होत गेलेला. आता तो ठोकळा एखाद्या भिंतीच्या माथ्याशी टेकवा आणि गोळा अलगद खाली सोडा. तो आधी डुलेल, मग स्वतःभोवती फिरेल आणि शेवटी दमून उभा राहील. कुठे उभा राहतो ते नीट बघा. भिंतीला हलकेच टेकला, तर भिंत सरळ. तिच्यापासून दूर राहिला, तर भिंत कललेली.

दिसला ना? तोच मी. मी एक जुना ओळंबा आहे. मला लटकण्यापलीकडे काही येत नाही. पण लटकण्यातही माणूस दमतो, मग पितळ का दमू नये? हल्ली कोणी दोरी हातात घेतली की आधी मला कंटाळा येतो आणि मग मी सरळ होतो.

लेथ चालवणाऱ्या एका कारागिराने मला घडवले. तो मोठा चिकित्सक होता. मला काढायचा, तोलायचा आणि पुन्हा यंत्रावर चढवायचा. शेवटी त्याची बायको दारातून ओरडली, "अहो, भिंतीला लावायचाय तो, नवरीच्या गळ्यात नाही!" तेव्हा कुठे त्याने मला हातावेगळे केले. एका तरुण गवंड्याने आपल्या पहिल्या आठवड्याच्या मजुरीतून मला विकत घेतले.

ती वर्षे फार चांगली होती. विटांचे तीन थर चढले की तो मला खाली सोडायचा. हाताखालचे मजूर घाई करू लागले तर म्हणायचा, "थांबा रे, त्याला बोलू द्या." मी बोलायचो म्हणजे काय, नुसता उभा राहायचो. पण तो माझे ऐकायचा. त्याच्या भिंती इतक्या सरळ येऊ लागल्या की लोक त्याचे नाव विसरले आणि त्याला नुसते 'मिस्त्री' म्हणू लागले. गावात मिस्त्री पुष्कळ होते, पण मिस्त्री म्हटले की तोच.

मग कौतुक सुरू झाले. मित्रांनो, हत्यार गंजते ते पाण्याने, आणि हत्यारवाला गंजतो तो कौतुकाने. लोक म्हणू लागले, "मिस्त्रींची नजर म्हणजे नजर! ओळंबासुद्धा लाजेल." मी काही लाजलो नाही. मी पिशवीत थापीखाली वाळू खात पडलो होतो, कारण मिस्त्रींनाही आता ते पटू लागले होते.

अशा दिवसांत त्यांनी एका शिंप्याचे घर बांधायला घेतले. स्वयंपाकघराची मागची भिंत त्यांनी दिवसभरात नुसत्या नजरेने उभी केली. मजूर गेले, आणि काय वाटले कोण जाणे, त्यांनी मला बाहेर काढले. मी खाली आलो, डुललो, थांबलो. भिंत वरून खोलीच्या आत कलली होती, त्यामुळे तळाशी मी तिच्यापासून चांगला दीड इंच दूर उभा राहिलो. मिस्त्रींनी इकडेतिकडे पाहिले. कोणी नव्हते. त्यांनी मला गुंडाळून ठेवले. पुढे गिलावा करताना त्यांनी तळाशी जाड थर दिला आणि निम्मी चूक त्याखाली दडवली. उरलेली निम्मी दडली नाही. तिच्यापुढे शिंप्याने आपले उंच कपाट आणून ठेवले आणि विषय मिटला.

त्यानंतर मिस्त्री मला एकाही भिंतीवर विसरले नाहीत. पण त्या भिंतीबद्दल ते कोणाशी कधी बोललेही नाहीत.

वर्षे गेली. मिस्त्रींचे हात थरथरू लागले आणि काम सुटले. मी खिळ्यांच्या डब्यात गेलो. माझी दोरी कुजली, अंगावर हिरवट कळा आली. बारा वर्षे कोणी मला हात लावला नाही. मला वाटले, संपले. तेवढ्यात मिस्त्रींची नात आली. ती लहानखुरी आणि सदा कशाच्या तरी मागे असल्यामुळे घरात तिला मुंगी म्हणतात. तिने मला डब्यातून उपसले, राखेने घासले, नवी दोरी बांधली आणि घरातली प्रत्येक वस्तू वाकडी आहे की सरळ ते तपासत सुटली. मुंगीची आई, म्हणजे मिस्त्रींची मुलगी, दवाखान्यात नर्स. ती म्हणाली, "बाबा, हिला आवरा. काल माझ्या पाठीला ओळंबा लावत होती."

"मग? कशी निघाली?" मिस्त्रींनी विचारले.

"वाकली आहे म्हणाली."

"खरंय गं पोरी," मिस्त्री म्हणाले. "खोकी उचलून उचलून वाकणारच."

खोकी उचलणे हे त्या घराचे दुखणे होते. भाड्याची पाच घरे झाली होती आणि आता सहावे शोधायची वेळ आली होती. मिस्त्री एकटे दुसरीकडे एका खोलीत राहत. मुलीच्या मनात एकच होते, आपले स्वतःचे घर घ्यायचे आणि बाबांना जवळ आणायचे. त्याच सुमारास त्या शिंप्याने घर विकायला काढले. डोळ्यांना सुई दिसेनाशी झाली म्हणून तो मोठ्या भावाकडे राहायला निघाला होता.

घर पाहायला सगळे गेले. मी मिस्त्रींच्या खिशात होतो, कारण मुंगीने मला तिथे कोंबले होते. घर लहान पण उजेडाचे होते. मुलगी खोल्यांतून फिरताना बोलत होती, "खाली बाबा राहतील. वर एक खोली चढवू, तिथे आपण."

"चाळीस लाख," शिंपी म्हणाला. "त्यात दमडी कमी होणार नाही."

जावई बेकरीत भट्टीवर कामाला, शांत माणूस. तो म्हणाला, "काका, पलीकडचं घर परवा बत्तीसला गेलं. एवढंच मोठं, एवढंच जुनं."

"ते कोणी बांधलं, सांग बरं? नाही ना माहीत? हे मिस्त्रींनी बांधलंय, तुझ्या सासऱ्यांनी! घराचे बत्तीस असतील. वरचे आठ त्या नावाचे."

मुलीचा चेहरा फुलला. "खरंच आहे त्यांचं. बाबांच्या हातच्या भिंती. तिथे काय तपासायचं?"

पण मुंगी तपासल्याशिवाय ऐकते थोडीच! तिने आजोबांना स्वयंपाकघरात ओढत नेले. एक भिंत झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मी तिन्हींना हलकेच टेकलो.

"ती राहिली," मुंगी म्हणाली.

"तिथे कपाट आहे. राहू दे," आजोबा म्हणाले, आणि मला घाईने खिशात टाकले.

संध्याकाळी मुलीच्या घरी जेवणाच्या टेबलाशी सगळे बसले. किती द्यायचे, हा प्रश्न होता. जावई म्हणाला, "बत्तीसपासून सुरुवात करू. फार तर पस्तीसपर्यंत जाऊ."

"आणि मधेच दुसऱ्या कोणी उचललं तर? मला आता खोक्यांवर 'भांडी', 'पुस्तकं' लिहायचा कंटाळा आलाय. देऊन टाकू चाळीस."

"चाळीस म्हणजे मला दहा वर्षं दुसरी पाळी धरावी लागेल."

"मीही धरीन रात्रपाळी."

"मग मुंगीकडे कोण बघणार, ओळंबा?"

मुंगी हसली, बाकी कोणी हसले नाही. दोघेही फार दमलेले होते. दमलेली माणसे आकड्यावरून भांडतात तेव्हा आकडा कुठेतरी बाजूलाच राहतो. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबांना विचारू. घर त्यांनी बांधलंय. बाबा, तुम्ही सांगाल तो आकडा."

मिस्त्रींनी खिशात मला घट्ट धरले. इतके घट्ट त्यांनी मला तरुणपणीही धरले नव्हते. "उद्या सांगतो," एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुलीच्या दारात उभे. "चला सगळे. मला एक भिंत दाखवायचीय."

शिंप्याच्या घरी जावयाने आणि शिंप्याने मिळून कपाट सरकवले. मागून जळमटे आणि हरवलेली दोन रिळे निघाली. मिस्त्री स्टुलावर चढले आणि मला सोडले, पण त्यांचा हात इतका थरथरत होता की मी थांबेचना. तेव्हा मुंगी म्हणाली, "आजोबा, उतरा. मी धरते." ती चढली, ठोकळा भिंतीला टेकवला आणि दटावून म्हणाली, "कोणी हलायचं नाही!"

मित्रांनो, तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटले, आज एकदा वाकडे लटकता आले तर किती बरे होईल! पण ते मला जमत नाही. मी उभा राहिलो. तळाशी माझ्या आणि भिंतीच्या मध्ये चांगले बोटभर अंतर होते.

"गिलाव्याखाली अजून तेवढंच आहे," मिस्त्री म्हणाले. "ही भिंत मी नजरेनं बांधली. चुकली. मग झाकली."

मुलीने त्या फटीत बोट घालून पाहिले. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"अडतीस वर्षं."

"आणि काल मी चाळीस द्यायला निघाले होते!"

"म्हणून तर आज आलो, बाळ. कालच बोलायला हवं होतं. जीभ उचलली नाही."

शिंपी उसळला. "अहो मिस्त्री, हिच्यापुढे बसून मी अडतीस वर्षं जेवलोय! पडली का कधी?"

"पडणारही नाही. आहे तसं राहिलात तर तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल. पण ही पोरं वर खोली चढवणार. ते ओझं हिला पेलणार नाही."

"मग आता काय म्हणणं आहे तुमचं?"

"तुमच्या चाळीसातून माझं नाव वजा करा. बत्तीस द्यायचे. आणि ही भिंत मी उतरवून पुन्हा उभी करीन. मजुरी माझी, विटा माझ्या."

"एवढं मोठं नाव, आणि एका बोटभर फटीत आठ लाख गेले?"

"किंमत तुम्हीच लावली होती, शिंपीभाऊ. मी नाही."

शिंपी खुर्चीत बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "मी एकदा एकाच्या कोटाची बाही आखूड शिवली होती. बावीस वर्षं झाली. तो समोरून आला की मी अजून दुसऱ्या गल्लीत वळतो. आणि तुम्ही सरळ पुढच्या दारानं आलात." त्याने सुस्कारा सोडला. "चौतीस. त्याखाली मला परवडत नाही."

"तेहतीस," मुलगी म्हणाली. काल चाळीस द्यायला निघालेली हीच का ती, असे जावई तिच्याकडे बघत राहिला.

"घ्या," शिंपी म्हणाला. "बापाची लेक आहेस."

परतताना रस्ताभर मुलगी वडिलांशी बोलली नाही. पण कोपऱ्यावर रस्ता ओलांडताना तिने त्यांचा हात धरला, आणि पलीकडे गेल्यावरही सोडला नाही. जावयाचे मात्र दुसऱ्या पाळीचे भूत उतरले होते. तो शीळ घालत चालला होता.

मित्रांनो, मी आता फार थकलो आहे, म्हणून मागायचे ते मागून घेतो. तुमच्या घरातही एखादे जुने हत्यार असेल. पाणसळ असेल, तराजू असेल, नाही तर नुसती मोजपट्टी. त्याला पुसा, कोरडे ठेवा, कुजलेली दोरी बदला. पण पुसून कपाटात ठेवून देऊ नका. आमच्या अंगाला लागलेली वाळू आम्हाला सोसते, अडगळ सोसत नाही. आणि ज्या दिवशी लोक तुमच्या नजरेची वाहवा करतील, त्या दिवशी तर आम्हाला आधी बाहेर काढा.

महिन्याभराने छताला टेकू देऊन ती भिंत उतरवली. जड काम जावयाने सुट्टीच्या दिवशी केले. विटा मात्र मिस्त्रींनी स्वतः लावल्या, थरथरत्या हातांनी, एकेक करून. दर तीन थरांनी मुंगी मला सोडत होती. दुपारपर्यंत भिंत तिच्या खांद्याएवढी झाली. मिस्त्रींचा घाम हनुवटीवरून ठिबकत होता. त्यांनी एक वीट बसवली, थापीने ठोकली आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

मुंगीने मला सोडले. मी डुललो, फिरलो, थांबलो.

"आजोबा, ही सुतभर बाहेर आहे."

"सुतभर ना? चालतं गं तेवढं. वर गिलावा येणारच आहे. कोणाला कळणार आहे?"

मुंगीने मला अलगद खाली ठेवले, दोन्ही हातांनी ती ओली वीट उचकटून काढली, तिच्यावरचा चुना-वाळूचा गारा बोटांनी निपटून टाकला आणि वीट आजोबांच्या हातात परत दिली.