रोज बोटभर

"हलवू नका काका, नळी तशीच धरा," मिस्त्री फाटकापासून म्हणाला.

पातळी बघायच्या पारदर्शक नळीचं दुसरं टोक दाराशी उभ्या काकांच्या हातात होतं. हात जरा हलला की आतलं पाणी वर-खाली नाचायचं. मिस्त्रीने पाणी शांत होण्याची वाट पाहिली, पेन्सिलने खूण केली आणि उकिडवं बसून लाद्यांवर हातोडी वाजवत आला. फाटकापासून दारापर्यंत काँक्रीटच्या चार मोठ्या लाद्या होत्या. पहिल्या दोन टणक वाजल्या. दाराजवळच्या दोन डब डब बोलल्या. गच्चीचं पाणी वर्षानुवर्षं त्यांच्या कडेला पडत होतं; त्याने खालची माती गुपचूप वाहून नेली होती, आणि लाद्या चांगली चार बोटं खाली बसल्या होत्या.

मिस्त्रीने हात झटकून तीन पद्धती सांगितल्या. पहिली फोमची. पेन्सिलीएवढी भोकं पाडायची, खाली फोम सोडायचा, तो फुगून लादी उचलतो. सकाळी सुरू केलं की जेवायच्या वेळेला अंगण मोकळं. दुसरी माती-सिमेंटच्या रबड्याची. तो पंपाने लादीखाली दाबून भरायचा. दोन दिवस लागतात. तिसरी म्हणजे लाद्या फोडायच्या, भराव कुटायचा, नवं काँक्रीट ओतायचं आणि मग रोज पाणी मारत बसायचं. तीन आठवडे कुठे गेले नाहीत.

"लोक पहिलीच घेतात," तो म्हणाला.

"तिसरी करू," काका म्हणाले.

मिस्त्रीला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. त्याने पुन्हा समजावलं. लाद्या जुन्या असल्या तरी धडधाकट आहेत, केसासारखे दोन-तीन तडे, बस्स. एकोणीस वर्षांत त्याने उचलता येणारी लादी कधी फोडली नव्हती. धूळ होईल, राडारोडा होईल, तुम्हाला घरात जायला फळीवरून कसरत करावी लागेल. काका प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, जणू हे सगळं त्यांच्या सोयीचंच होतं.

"पण काका, एवढे दिवस कशाला?"

काकांनी नळीचं टोक खाली ठेवलं. धोतराला नसलेली धूळ झटकली. मग मिस्त्रीकडे न बघता बोलू लागले. मुलगी लांबच्या शहरात असते. काही बिघडलं की येते, नीट करून घेते, परत जाते. टाकी गळली तेव्हा दोन दिवस राहिली. छताचं काम निघालं तेव्हा पाच. मोतीबिंदूला नऊ दिवस मिळाले, आणि दुसऱ्या डोळ्याला पुन्हा नऊ.

"आता डोळेही संपले," काका म्हणाले.

मिस्त्रीला हसू आलं, पण अर्ध्यावरच विरलं. "नुसतंच ये म्हणायचं ना."

"म्हटलं होतं एकदा. घाबरली. काय झालं, काय झालं, सारखी तेच विचारत होती. काही झालं नाही म्हटलं, तर मग फोनवरच बोलत बसली."

तेवढ्यात काकांच्या खिशातला फोन वाजला. काकांनी नाव बघितलं आणि फोन मिस्त्रीच्या हातात कोंबला. तुम्हीच बोला, म्हणाले, माझ्या आवाजावरून तिला सगळं कळतं. आणि चहाचं निमित्त करून आत गेले.

मुलीचा आवाज घाईचा होता, मागे माणसांची वर्दळ. तिने सगळं वाचून ठेवलं होतं. फोमच करा, अर्ध्या दिवसाचं काम आहे, मी शनिवारी सकाळी येते आणि संध्याकाळच्या गाडीने निघते.

मिस्त्रीने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. नळ सोडलेला होता आणि नळाखाली भांडं नव्हतं. काका पाठमोरे उभे होते, कान इकडे.

"ताई, फोमने होईल," तो म्हणाला. "पण लाद्यांना तडे आहेत. रबडा भरून हळूहळू उचललेलं बरं. रोज बोटभर. थांबायचं, घट्ट होऊ द्यायचं, मग पुढचं बोट. पाच दिवस धरा."

पाच हा आकडा तोंडातून कसा निघाला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"पाच दिवस?"

"हो. आणि घरचं माणूस हवं. काकांना एकट्याला नाही झेपायचं."

 पलीकडे दार लागल्याचा आवाज आला आणि वर्दळ थांबली. मुलगी पुन्हा बोलली तेव्हा तिची घाई कुठेतरी मागे राहिली होती.

"दादा, आठ म्हणता येतील का?"

मिस्त्री खिडकीपासून लांब, फाटकाकडे सरकला.

"पाच म्हटलं तर ऑफिसातले म्हणतात, फोनवरून बघ की. आठवड्याच्या वर काम असलं तरच रजा मिळते. कागदावर लिहून द्याल? सही करून?" तिने आवाज खाली आणला. "आणि हे मी सांगितलं असं बाबांना कळू देऊ नका. आधीच त्यांना वाटतं, मला इथून हलवणं म्हणजे मला त्रास."

"देतो लिहून," मिस्त्री म्हणाला.

काका चहाचे कप घेऊन आले. एका बशीत चहा बराच सांडला होता.

"काय म्हणाली?"

"जरा कुरकुरल्या," मिस्त्रीने कप घेतला. "पण मी ऐकलं नाही. फोडायचं नाही, उचलायचंच, आणि रोज बोटभरच. आठ दिवस लागतील. येतायत त्या."

"आठ," काका म्हणाले. त्यांनी बसलेल्या लाद्यांकडे पाहिलं, आजाऱ्याकडे बघावं तसं. "फारच खालावल्यात म्हणजे." मग हळूच, "तिची फार ओढाताण नाही ना होणार?"

"होईल थोडी," मिस्त्री म्हणाला.

काका आपला कप तसाच कठड्यावर ठेवून आत वळले. मिस्त्रीचा चहा अजून संपायचा होता, तोच आतल्या खोलीतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. काका पाठीने दार ढकलत, गादी फरफटत बाहेर आले. फाटकाकडच्या सपाट लाद्यांवर त्यांनी ती उन्हात पसरली, आणि वाकून, दम खात, दोन्ही हातांनी तिचा कापूस सैल करू लागले.