लांबलेली प्रार्थना

मित्रांनो, मी ओगराळे आहे. आमटी, कढी असले पातळ पदार्थ वाढायचे, खोल वाटीचे आणि लांब दांड्याचे पितळी ओगराळे. वयाने फार जुने, स्वभावाने उतावळे. वाढायचे असेल तर वाढा, नाहीतर धुऊन टाका, ही माझी जन्माची खोड. भरल्या पातेल्यात नुसते उभे राहायची वेळ आली की माझा जीव वरखाली होतो. या खोडीपायी मी एकदा थेट देवावरच चिडले होते. ते मला आज सांगायचे आहे.

माझा जन्म झाशीतला. सत्तावनचा गदर होऊन दहाबारा वर्षे झाली होती. लुटालुटीत घरोघरची भांडी गेलेली, त्यामुळे लक्ष्मी गेटजवळच्या मारुती कासाराला मान वर करायला फुरसत नव्हती. त्याने मला ठोकून घडवले आणि वाटी मुद्दाम मोठी ठेवली. तो म्हणाला, "वाढणाऱ्याचा हात आखडता नको राहायला."

मी आधी गोपाळराव कारकुनांच्या घरी गेले. मुंजी, बारशी, सणवार, सगळीकडे मीच पुढे. त्या मराठी घरांत पंगतीचा एक रिवाज होता. शेवटच्या पानापर्यंत सगळे वाढून होईस्तोवर कोणी अन्नाला हात लावायचा नाही. मग श्लोक व्हायचा, यजमान हात जोडून "होऊ द्या सावकाश" म्हणायचे आणि तेव्हा कुठे पहिला घास. मला तेव्हाही ते थांबणे रुचत नसे. पण ती भरल्या पोटाची माणसे होती, त्यांना घाई नव्हती. पंचवीस वर्षे मी तिथे राबले. मग नवी सून आली, नवी भांडी आली आणि माझा वाकलेला दांडा कोणाच्या तरी डोळ्यांत खुपला. मला मोडीत काढले.

तिथून मला यशवंत मास्तरांनी उचलले. ते झाशीच्याच एका मराठी शिपायाचे पोर. गदरात आईबाप गेले तेव्हा ते सात वर्षांचे होते. एका पाद्र्याने त्यांना रस्त्यावरून उचलून वाढवले. ते ख्रिस्ती झाले, शिकले आणि प्रचारक होऊन आपल्या गावी परत आले. त्यांची बायको चंपाबाई. बोलायला तिखट आणि हाताने उदार. सदर बाजाराच्या रस्त्याला त्यांचे छोटे प्रार्थनाघर होते आणि मागे कडुनिंबाखाली मोकळे अंगण.

साल अठराशे सत्त्याण्णव. आदल्या वर्षी पावसाने तोंड फिरवले होते. चैत्र येईपर्यंत गावेच्या गावे उठून झाशीच्या वाटेला लागली. मास्तरांनी अंगणात चूल पेटवली, मोठे पातेले चढवले आणि पातळ खिचडी शिजू लागली. पहिल्या दिवशी कोणीतरी सुचवले की लोकांची रांग लावा. मास्तर लगेच म्हणाले, "रांगेत भिकारी उभे राहतात. पंगतीत पाहुणे बसतात. ही माणसे माझी पाहुणी आहेत." आणि ज्यांना वर्षभर कोणी 'बसा' म्हटले नव्हते, ती माणसे पळसाच्या पानांपुढे ओळीने मांडी घालून बसली. खरे सांगते, तेव्हा मला मास्तरांचा फार अभिमान वाटला.

पण पंगत आली तसा तिचा रिवाजही आला. श्लोकाच्या जागी प्रार्थना आली, एवढाच फरक. शेवटच्या पानावर खिचडी पडेपर्यंत सगळ्यांनी थांबायचे. मग मास्तर उभे राहणार, डोळे मिटणार, देवाच्या दयेबद्दल बोलणार आणि "आमेन" म्हणून झाले की हात जोडून म्हणणार, "होऊ द्या सावकाश." त्या बुंदेली शेतकऱ्यांना मराठी कुठून येणार? तरी त्यांना एवढे नक्की कळले होते की या शब्दांनंतर खायला मिळते. त्या शब्दांकडे कान लावून ते हात मांडीवर ठेवून बसत. समोर वाफ निघत असे आणि मी पातेल्यात उभे राहून तळमळत असे.

सुरुवातीला प्रार्थना आटोपशीर होती. वैशाख तापला तशी ती लांबत गेली. लोक येतच होते. रोज कोणीतरी सकाळी उठत नव्हते. मास्तरांना झोप लागेनाशी झाली होती. पूर्वी ते ठामपणे सांगत, "ज्याने स्वतः क्रूसावर वेदना सोसल्या, त्याला आपली वेदना कळते." आता तेच वाक्य त्यांच्या तोंडी प्रश्न होऊन येऊ लागले. "प्रभो, तुला कळते ना? मग तुझी करुणा कुठे अडली आहे?" त्यांना उत्तर हवे होते आणि ते मिळेपर्यंत त्यांच्याने आमेन म्हणवत नव्हते. मला ओरडून सांगावेसे वाटे, की मास्तर, करुणा इथे पातेल्यात आहे, तिच्यावर साय धरायला लागली! पण ओगराळ्याला कोण विचारतो?

चंपाबाई मात्र बोलत. एका सकाळी चूल फुंकता फुंकता म्हणाल्या, "अहो, प्रार्थना जरा जल्दी आटपत जा. लोक तुमच्याकडे नाही बघत, पानाकडे बघतात."

"चंपा, उपाशी माणसाला नुसते पोट आहे का? त्याला मानही आहे. गुरांपुढे टाकतात तसे टाकू का मी?"

"तुम्हाला रस्त्यावरून उचलले त्या पाद्र्याने आधी प्रार्थना म्हणवून घेतली होती का?"

मास्तरांनी पळसाच्या पानांचा गठ्ठा उचलला. मग हळूच म्हणाले, "नाही. आधी दूध पाजले." आणि पाने मांडायला निघून गेले. मला वाटले, आता काहीतरी बदलेल. काही बदलले नाही.

त्याच दिवशी टहरौली गावाकडून जानकी आली. तीन दिवस चालून आलेली, बरोबर चार वर्षांची मुलगी. तिचे नाव इंदू. पायांच्या काड्या झालेल्या, डोळे तेवढे मोठे. चंपाबाईंनी दोघींना पातेल्याजवळ, पहिल्याच पानावर बसवले आणि इंदूच्या पानात मला काठोकाठ भरून रिते केले. पहिले पान म्हणजे सगळ्यांत जास्त थांबणे. हे कोणाच्याच लक्षात आले नाही.

पंगत वाढून झाली. मास्तरांनी डोळे मिटले. प्रार्थना सुरू होताच इंदूचा हात पानाकडे गेला. जानकीने तो झटकन मागे ओढला. "हात हटा, मोड़ी. पैलें परारथना. मास्साब रिसा जैहें." पोरी, आधी प्रार्थना, नाहीतर मास्टरसाहेब रागावतील, ही त्या बाईची भीती. जेवण बंद झाले तर मुलीला कुठे न्यायचे? शेजारच्यांनी तिला पंगतीचा नियम नीट समजावून दिला होता.

हात पुन्हा पुढे आला. आईने पुन्हा मागे घेतला आणि या वेळी आपल्या मुठीत धरून ठेवला. मास्तर बोलत होते. त्यांचा आवाज कापत होता, गालांवरून पाणी वाहत होते. ते ढोंग नव्हते, मित्रांनो. ते अगदी मनापासून देवाला दयेची भीक मागत होते. आणि त्यांच्यापासून चार पावलांवर इंदू बसल्या बसल्या एका अंगावर कलली.

चंपाबाईंनी पाहिले. त्यांनी मला पातेल्याच्या काठावर असे आपटले की माझा दांडा आणखी वाकला. "आमेन!" त्या ओरडल्या. "आमेन, आमेन! खाओ सब लोग!" एवढे बोलून त्यांनी मला खिचडीत बुडवले आणि इंदूच्या ओठांशी आणले. पातळ घोट तिच्या तोंडात गेला आणि तसाच बाहेर ओघळला. दुसराही ओघळला. जानकी अजून तिचा हात मुठीत धरून बसली होती.

इंदू गेली. मी त्या पोरीच्या ओठांना लागलेले होते, माझ्या वाटीत तिचा घास होता आणि तो तिच्या पोटात गेला नाही. ती त्या प्रार्थनेमुळे गेली की वर्षभराच्या उपासमारीने, ते मला माहीत नाही. चंपाबाई म्हणत, ती वाचण्यापलीकडेच होती. मला ते पटत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. मी देवावर चिडले ते तेव्हा. एवढी दया असलेल्या देवाला मधेच एक आमेन म्हणता आले नसते का?

तिला पुरून आल्यावर जानकी मास्तरांपुढे येऊन बसली. तिने पदर सावरला आणि विचारले, "मास्साब, मोड़ी ने पैलें हात बढ़ा दओ हतो. भगवान रिसा तो नईं गए?"

पोरीने आधी हात पुढे केला, म्हणून देव रागावला का, एवढेच तिला विचारायचे होते.

मास्तर तिच्यासमोर जमिनीवर बसले. "नहीं, जानकी. वो हाथ भगवान ही आगे बढ़ा रहे थे. बीच में मैं आ गया." आणि ते लहान मुलासारखे रडले. जानकीने त्यांना थांबवले नाही की समजावलेही नाही.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली तेव्हा मास्तरांनी चंपाबाईंच्या हातून मला घेतले. पहिल्या पानावर वाढले आणि म्हणाले, "खाओ." समोरचा म्हातारा खाईना. दुसऱ्या पानावर वाढले, तिथेही तेच. सगळ्या पंगतीने हात मांडीवर घट्ट ठेवले होते. मास्तरांनीच तर त्यांना शिकवले होते! मग मास्तर पहिल्या पानाशी परत आले, वाकले, म्हाताऱ्याचा हात धरून त्यांनी तो खिचडीत ठेवला. "खाओ, बाबा." मग पुढचा हात, मग त्याच्या पुढचा. वाढायचे, वाकायचे, हात धरायचा, खाओ म्हणायचे. शेवटचे पान येईपर्यंत त्यांची पाठ सरळ होईना. त्या दिवशी त्यांनी दुसरी प्रार्थना केली नाही. देवावरचा माझा राग त्या पंगतीत थोडा उतरला, पुरता उतरला असे म्हणणार नाही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. उपाशी माणूस तुमच्यापुढे हात मांडीवर ठेवून गुपचूप बसला असेल, तर तो तुमचा मान राखतो आहे. त्या मानाला भुलू नका. तुमचे चांगले शब्द थोडे थांबतील. आधी त्याचा हात धरा आणि अन्नापर्यंत न्या.