गिरधर सरांची राहिलेली वाटी

धूलकोटहून बुऱ्हाणपूरकडं येताना जीपचा मागचा टायर बसला. स्टेपनी काढून बघितली, तर ती आधीच बसलेली. ड्रायव्हर चाक घेऊन एका मोटारसायकलवाल्याच्या मागं बसून गेला आणि रस्त्यावर दोन मास्तर राहिले, गिरधर सर आणि देवराम सर. दोघं बुऱ्हाणपूरच्या एकाच शाळेत होते. गिरधर सर हिंदी शिकवायचे, देवराम सर गणित. धूलकोटला मुलांच्या विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून गेले होते. हिंदीच्या मास्तराला तिथं का धाडलं, हे कुणी विचारलं नव्हतं.

दुपारचे अडीच वाजले होते. रस्त्याला एक मोरी होती, तिच्यावर लिंबाची सावली होती. दोघं तिथं बसले.

आता गिरधर सर काही बडबडे नव्हते. वर्गात बोलायचे तेवढंच. पण प्रदर्शनात एका मुलीनं टाकी भरली की वाजणारी घंटी केली होती, आणि तशीच घंटी त्यांच्या लेकीनं, भूमिकानं, सातवीत केली होती. ती आता नोकरीला इंदूरला. एवढंच सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं.

"तिच्या खोलीत जाऊन बसतो मी कधी कधी," ते म्हणाले. "परवा तर रडलो. मंगलानं विचारलं डोळे का लाल, तर बोललो, कांदा चिरत होतो. घरात कांदा नव्हता. तिनंच आणायला सांगितला होता."

"हं," देवराम सर म्हणाले.

इथं थांबायला हरकत नव्हती. पण तो 'हं' असा काही पडला, की पुढं काहीतरी बोलून तो झाकावा असं गिरधर सरांना वाटलं. म्हणून त्यांनी दुसरी गोष्ट काढली. मागच्या वर्षी प्रभारी प्राचार्याची जागा निघाली तेव्हा ती आपल्यालाच मिळणार असं धरून त्यांनी जाकीट शिवून घेतलं होतं. आरशासमोर भाषणही तयार केलं होतं, मध्ये टाळ्यांसाठी जागा सोडून. जागा यादव सरांना मिळाली. जाकीट अजून पिशवीत आहे.

"हं."

मग तिसरी. रिटायर झाल्यावर आपल्याला कुणी सर म्हणणार नाही, याची त्यांना भीती वाटते. भाजीवाल्यानंसुद्धा "ओ काका" म्हटलं तर काय करायचं. हे सांगताना त्यांचा आवाज जरा ओला झाला. सांगून झाल्यावर त्यांनी देवराम सरांकडं बघितलं. देवराम सर समोरच्या शेताकडं बघत होते.

"तूर बरी आहे यंदा," देवराम सर म्हणाले.

जीप साडेचारला निघाली. बुऱ्हाणपूर येईपर्यंत गिरधर सर डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊन बसले. गाडी आदळली तरी त्यांनी ते सोडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं शाळेतलं वागणं बदललं. स्टाफरूममध्ये देवराम सर असले तर ते बाहेर थांबायचे. चहा प्रयोगशाळेच्या ओट्याशी उभ्यानं प्यायचे, बाजूला बाटलीत बेडूक. एकदा रश्मी मॅडम मोबाईलमध्ये काहीतरी दाखवत होत्या आणि देवराम सर हसले. देवराम सर वर्षातून दोनदा हसायचे. गिरधर सरांची खात्रीच पटली, की हे जाकिटावरून आहे. प्रत्यक्षात मॅडमच्या भाच्यानं मांजराला टोपी घातली होती, पण ते त्यांना कोण सांगणार.

घरी मंगलाबाईंच्या चार दिवसांत ध्यानात आलं.

"अहो, काय झालंय? जेवताना भिंतीकडं बघता."

"काही नाही. एका माणसाला जास्त बोललो."

"भांडलात?"

"नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं. त्याला नाव तरी आहे."

रविवारी भूमिकाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्यांनी रडण्याचा भाग गाळून तिला विचारलं.

"पापा, इसको ओव्हरशेअर बोलतात," ती म्हणाली. "सगळे करतात. टेन्शन नको घेऊ."

"ते केल्याचं नाव झालं गं. केल्यानंतर जे होतं, त्याचं?"

"क्रिंज? म्हणजे आठवलं की अंग आक्रसतं ना, ते."

त्यांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. पापड मोडल्यासारखा वाटला. त्यांना झालं होतं ते असं कुरकुरीत नव्हतं.

तीस वर्षं भाषा शिकवणाऱ्या माणसाला आपल्याला काय होतंय ते सांगायला शब्द सापडू नये, याचा त्यांना आणखीनच त्रास व्हायला लागला. हिंदीतला 'झेंप', म्हणजे लाजणं, बघितला, तो फार लहान, दोन मिनिटांत उतरणारा. पश्चात्ताप म्हणावं तर पाप काही केलं नव्हतं. मराठीतलं ओशाळणं जवळचं होतं, पण ओशाळायला समोरच्यानं निदान काही बोलावं तर लागतं. इथं समोरचा तुरीवर गेला होता. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर सात शब्द लिहिले आणि सातही खोडले.

शब्द शेवटी सापडला तो स्वयंपाकघरात. मंगलाबाई वरण वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, "ती शेजारची शीतल बघा. पंधरा दिवस झाले तिच्याकडं वाटीभर खीर पाठवली. माझी रुंद काठाची वाटी. रिकामी तर रिकामी, परत तरी धाड. मागायला जावं तर आपणच हलके दिसतो. आणि सोडून द्यावं, तर रोज वरण वाढताना तीच वाटी आठवते."

गिरधर सरांनी घास खाली ठेवला.

"मंगला, परत बोल."

"काय?"

"मागता येत नाही आणि विसरता येत नाही."

"तेच तर. वाटी तिकडंच राहिली."

"माझी पण राहिली," गिरधर सर म्हणाले. त्यांना एकदम इतकं हलकं वाटलं, की त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, कांद्यासकट. मंगलाबाईंनी त्यांच्या भातावर वरण वाढलं. "कांद्याचं मला त्याच दिवशी समजलं होतं," त्या म्हणाल्या. "उद्या जा आणि मागून घ्या तुमची वाटी. मी शीतलकडं जाते."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत देवराम सर स्टाफरूममध्ये एकटेच डबा खात होते. गिरधर सरांनी वाक्य रस्त्यात तयार करून आणलं होतं.

"देवराम सर, माझी वाटी राहिली तुमच्याकडं."

देवराम सरांनी चावणं थांबवलं. "कधीपासून?"

"धूलकोटपासून."

"बरं," देवराम सर म्हणाले आणि तोंड पुसून वर्गावर गेले.

गिरधर सरांना वाटलं, पोचलं. किती समजूतदार माणूस, लगेच कळलं. दिवसभर ते खुशीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी देवराम सरांनी टेबलावर कापडी पिशवी ठेवली आणि तिच्यातून स्टीलच्या तीन वाट्या काढल्या.

"कुसुमला विचारलं," ते म्हणाले. कुसुम म्हणजे त्यांची बायको. "ती बोलली, या तीन आपल्या नाहीत. एकीवर नाव आहे, पण ते कुण्या मालूबाईचं आहे. बाकी दोनमधली तुमची कोणती?"

गिरधर सरांनी वाट्यांकडं बघितलं. देवराम सरांकडं बघितलं. त्यांना हसूही येईना आणि सुटकाही दिसेना. मग ते खुर्ची ओढून बसले आणि सरळ बोलले.

"सर, वाटी म्हणजे वाटी नाही. त्या दिवशी मोरीवर मी तुम्हाला मनातलं बरंच बोललो. तुम्ही त्यावर काहीच नाही बोललात. तेव्हापासून मला तुमच्यासमोर यायची लाज वाटते. असं वाटतं, मी अर्ध्या कपड्यांवर घराबाहेर आलो आणि दार मागून लागलं."

देवराम सरांनी एकेक करून वाट्या पिशवीत ठेवल्या. त्याला बराच वेळ लागला.

"ऐकलं मी सगळं," ते म्हणाले. "भूमिकाची खोली. जाकीट. भाजीवाला."

"मग तूर कुठून आली?"

"आमचे वडील सांगायचे, माणसाचे डोळे भरले की त्याच्याकडं बघू नये. म्हणून शेताकडं बघत बसलो. एवढा वेळ बघतोय तर काहीतरी बोलावं, म्हणून बोललो." ते थांबले. "आणि तूर बरी होती."

गिरधर सरांना आपण पंधरा दिवस बेडकाशेजारी उभ्यानं प्यायलेला सगळा चहा आठवला. पण देवराम सर अजून उठले नव्हते. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. शेवटी दाराकडं बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मले केळं आवडत नाही," ते म्हणाले.

गिरधर सर बघतच राहिले. देवराम सरांचं घराणं तापीकाठचं, चार पिढ्या केळीच्या बागा. धाकटा भाऊ दर शनिवारी घरी एक घड घेऊन यायचा, ही गोष्ट सगळ्या शाळेला माहीत होती.

"लहानपणापासून नाही आवडत. वास आला की पोटात कसंतरी होतं. घरात कुणालाच नाही बोललो. कुसुमलाही नाही. दर शनिवारी भावासमोर दोन खातो."

आता गिरधर सरांना काहीतरी बोलायला हवं होतं. एवढ्या वर्षांचं ओझं माणसानं समोर ठेवलं होतं. पण पोटातून हसू असं चढत होतं, की तोंड उघडलं तर तेच बाहेर पडणार. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि खिडकीतून सायकल स्टँडकडं बघत कसंबसं म्हणाले, "हं."

पुढचे दोन दिवस देवराम सर स्टाफरूममध्ये आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी गिरधर सरांना ते वाचनालयात सापडले, नकाशांच्या कपाटामागं, डबा मांडीवर.

"कुणाला बोलला तर नाहीत ना?" देवराम सरांनी विचारलं.

"मंगलाला बोललो," गिरधर सर खरं तेच म्हणाले. "त्या वेळी मी हसू दाबत होतो, सर. म्हणून गप्प होतो. माफ करा."

"वहिनी काय बोलल्या?"

"बोलली, कुसुमवहिनींना ठाऊक असणार."

देवराम सरांनी डब्याला झाकण लावलं आणि वर्गावर गेले. पण सोमवारी ते स्वतः गिरधर सरांच्या टेबलाशी आले, खुर्ची ओढली आणि बसले.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "लग्नाच्या दुसऱ्याच वर्षापासून. बोलली, तुम्ही घास गिळताना डोळे मिटता. शनिवारी भाऊ आला, तर तिनंच त्याला सांगून टाकलं. भाऊ एवढा हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मग म्हणाला, दादा, मले सुद्धा नाही आवडत."

आणि देवराम सर हसले. त्या वर्षातलं ते तिसरं हसणं. मग ते बोलायलाच लागले. भावाबद्दल, वडिलांबद्दल, लहानपणी बागेत लपून खाल्लेल्या चिंचांबद्दल, गणितच का घेतलं त्याबद्दल. तास संपल्याची घंटा झाली तरी ते थांबेनात. दारात नववीची दोन मुलं येऊन उभी राहिली. गिरधर सरांनी त्यांना हातानंच परत पाठवलं, खडू खिशात टाकला आणि देवराम सरांच्या तोंडाकडं बघत ऐकत बसले.